ग्रामविकास मंत्र्यांना खुले पत्र : माझे वैद्यकीय इच्छापत्र घरपट्टीच्या फाईलमध्ये आहे

मा. ग्रामविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहणारी निवृत्त शिक्षिका. गेल्या वर्षी दोन साक्षीदारांसमोर एका कागदावर सही केली, तालुक्याला जाऊन तो नोटरी करून घेतला आणि ग्रामपंचायतीत द्यायला गेले. त्यात एवढेच होते : मी बरी होण्याची आशा उरली नसेल आणि मला स्वतःला काही सांगता येत नसेल, तर व्हेंटिलेटर लावू नका, नळीने अन्न घालू नका. वेदना मात्र कमी करा.

लिपिक माझाच विद्यार्थी. त्याने कागद वाचला आणि घाबरून विचारले, "बाई, हा मरायचा अर्ज आहे का?" दाखल्यांसाठी बाकावर बसलेली माणसे वळून बघू लागली. ग्रामसेवक भला माणूस, तीन गावे सांभाळतो. असा कागद आपल्याकडे घेत नाहीत म्हणाले. शेवटी माझा मान राखून त्यांनी आवक रजिस्टरला नोंद केली आणि कागद घरपट्टीच्या अर्जांच्या फाईलला लावला. तो अजून तिथेच आहे.

मंत्रिमहोदय, हा कागद मी माझ्या मनाने नेला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि असे इच्छापत्र करण्याची मुभा दिली. तेव्हा त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागे. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने ती अट काढली. नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसा ठरवला. आणि इच्छापत्राची प्रत जपण्याचे काम महानगरपालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या सक्षम अधिकाऱ्याकडे दिले. मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी त्यासाठी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, शहरांत अधिकारी नेमले गेले. आमच्या गावात मात्र तो अधिकारी कोण, हे कोणालाच सांगता आले नाही. माणूस गेला की त्याची नोंद हीच ग्रामपंचायत करते. त्याने जाण्याआधी सांगितलेले शब्दही तिनेच जपावेत, यात मला काही अवघड दिसत नाही.

मला ही तळमळ का, ते सांगते. २०१९ मध्ये माझी आई अन्ननलिकेच्या कर्करोगाने गेली. घरी होती तेव्हा रोज म्हणायची, "सोडवा गं मला आता." मग कोणीतरी मॉर्फिनच्या गोळ्या मिळवून दिल्या. त्यानंतरचे आठ दिवस ते वाक्य तिच्या तोंडून एकदाही आले नाही. पेज प्यायली, नातवाच्या मुंजीच्या आठवणी काढून हसली. गोळ्या संपल्या. तालुक्यात मिळेनात, पुण्याला माणूस पाठवावा लागला, तोवर तिला श्वास लागला आणि आम्ही शहरातल्या एका रुग्णालयात नेले. यातून ती उठणार नाही, हे पहिल्याच दिवशी कळले होते. तरी अकरा दिवस ती नळ्यांवर होती. नळी ओढू नये म्हणून दोन्ही मनगटे पट्टीने कॉटच्या दांडीला बांधलेली. मी आत गेले की ती बोटे हलवायची, गाठीकडे. नळी काढा म्हटले तर कायद्यात बसत नाही, असे उत्तर मिळाले. तेव्हा न्यायालयाचा निकाल लागून वर्ष उलटले होते. आम्हाला ठाऊक नव्हता.

डॉक्टरांच्या मदतीने मरण्याचा कायदा आपल्याकडेही हवा का, यावर आता बरेच बोलले जाते. नेदरलँड्स, कॅनडात तो आहे. आपल्याकडे ते कृत्य गुन्हा आहे. असह्य हाल सोसणाऱ्यांनी ती मागणी केली तर मी त्यांना नावे ठेवणार नाही. पण मला त्या कायद्याची घाई नाही. ज्या तालुक्यात मॉर्फिनची गोळी मिळत नाही, तिथे मरण मागणाऱ्याने ते स्वतःच्या मर्जीने मागितले, असे मी कसे मानू? गोळ्या होत्या ते आठ दिवस माझ्या आईने मरण मागितले नव्हते.

केरळने २००८ मध्ये वेदनाशमन आणि पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे गंभीर आजारातल्या माणसाचे हाल कमी करणाऱ्या शुश्रूषेचे, धोरण केले आणि त्यात पंचायतींना वाटा दिला. तिथे पंचायतीच्या पैशातून परिचारिका अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी जाते, जखम धुते, औषध देते. आपल्याकडे तरी काय कमी आहे? इच्छामरणाच्या प्रत्येक चर्चेत, हल्ल्यानंतर अखेरपर्यंत अंथरुणाला खिळून राहिलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांचे नाव निघते. त्यांना १९७३ पासून २०१५ पर्यंत ज्यांनी सांभाळले, त्या मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका महापालिकेच्या, म्हणजे एका स्थानिक स्वराज्य संस्थेच्याच नोकरीत होत्या.

तेव्हा आपल्या खात्याने परिपत्रक काढावे. प्रत्येक ग्रामपंचायतीत या कामाचा अधिकारी ठरवून त्याचे नाव फलकावर लावावे. इच्छापत्रांसाठी वेगळी नोंदवही आणि कुलूपबंद कपाट असावे, कारण गावात कागद उघडा राहिला तर संध्याकाळपर्यंत पारावर पोचतो. रुग्णालयाने मागितल्यास प्रत त्याच दिवशी मिळावी. आणि आरोग्य खात्याशी बोलून चार-पाच गावांमागे एक प्रशिक्षित परिचारिका आणि तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मॉर्फिन, एवढी तजवीज करावी.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे. त्याआधी आपले परिपत्रक आले, तर सभेत ते मीच वाचून दाखवीन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
जि. सातारा