रेनकोटातल्या हवालदार साहेबांना

साहेब, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव आणि ठाणं मुद्दाम लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही.

जुलैतल्या त्या संध्याकाळी तुम्ही आमच्या धनकवडीच्या दारात उभे होतात. पाऊस थांबून तास झाला होता, तरी तुमच्या रेनकोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. दार आईने उघडलं. ‘चिरंजीव आहेत का? एका कागदावर सही हवी होती,’ एवढंच तुम्ही म्हणालात. आई चहा ठेवायला वळली तेव्हा माझी नजर तुमच्या तांबड्या बुटांवर गेली आणि पोटात गोळा आला. मग तुम्ही मला जिन्यात बोलावलंत आणि रेनकोटाच्या आतून माझ्या नावाचं वॉरंट काढलंत.

मार्चमध्ये दारू पिऊन गाडी चालवताना नाकाबंदीत सापडलो होतो. मर्यादा 30 ची, मशीनवर माझा आकडा आला 94. त्याबद्दल कुणाला बोल लावत नाही. दंड चौकात भरून सुटता येत नाही, कोर्टात हजर राहावंच लागतं, हेही त्याच रात्री स्पष्ट सांगितलं होतं मला. पण ज्या तिघांबरोबर बसलो होतो ते म्हणाले, ‘काही होत नाही रे.’ नंतर त्यांचे फोनच लागेनात. आणि कोर्टाच्या फाटकाबाहेर भेटलेले ते पांढऱ्या शर्टातले गृहस्थ! ‘तुमचं यायचं कामच नाही, तारीख मी बघतो, आत सगळी आपलीच माणसं.’ चार हजार मोजून दिले. ते वकीलसुद्धा नव्हते, हे फार उशिरा कळलं. मी बँकेत कर्ज विभागात आहे, थकबाकीदारांना नोटिसा धाडणं हेच माझं काम. तरी फसलो, कारण कोर्टात उभं राहायची लाज इतकी होती की मला तेच ऐकायचं होतं. दोन तारखा गेल्या आणि मग तुम्ही आलात.

जिन्यात सह्या घेताना तुम्ही म्हणालात, ‘उद्या पावणेअकराला शिवाजीनगर कोर्टात या. पुकारा झाला की पुढे व्हायचं, खिशात हात घालायचे नाहीत. का आला नाहीत विचारलं तर घडलं ते सांगा. आजी आजारी होती वगैरे नको, तिथे रोज दहा आज्या आजारी पडतात.’ त्या महिन्यात मी पहिल्यांदा हसलो.

माझा पुकारा साडेबाराला झाला. पाय लटपटत होते, पण हात खिशाबाहेर होते. मॅडमनी विचारलं, मी खरं ते सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून एकदा पाहिलं. वॉरंट रद्द झालं, गुन्हा कबूल केला, दहा हजार दंड भरला. लायसन्स सध्या निलंबित आहे, पीएमपीच्या बसने जातो.

खरं तर वॉरंट बजावणं एवढंच तुमचं काम. खाकीत येऊन बेल दाबली असतीत, समोरची दोन दारं उघडली असती, तरी तुमचं काही चुकलं असं कुणी म्हणालं नसतं. एवढ्या उकाड्यात कोरड्या जिन्यात तो रेनकोट घालून उभं राहायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं? हा माणूसपणा कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवत असतील असं वाटत नाही. पैसे घेऊन पाठ फिरवणारे आणि फुकट अब्रू झाकणारे, दोघेही त्याच कोर्टाच्या आवारात वावरतात, याचं मला अजून नवल वाटतं.

एक सांगायचं राहिलं. परवा आई भाजी निवडताना मान वर न करता म्हणाली, ‘ते पोलीस चहा न घेताच गेले रे त्या दिवशी.’

मी गप्प. ती म्हणाली, ‘रेनकोटाने बूट झाकतात होय?’

चहा बाकी आहे, साहेब. या वेळी खाकीत आलात तरी चालेल.

आपला,
धनकवडीचा तो ‘चिरंजीव’