लंडनची ती फिल्म बघाल तेव्हा

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

'लंडन कॅन टेक इट' जेमतेम नऊ-दहा मिनिटांची आहे, पण दोनदा बघा. आधी आवाज बंद करून, मग आवाजासकट.

लंडनवर जर्मनीची रोजची बॉम्बफेक सुरू झाली 7 सप्टेंबर 1940 ला आणि ऑक्टोबरात फिल्म तयारसुद्धा होती. ब्रिटनच्या पोस्टखात्याच्या फिल्म युनिटनं ती सरकारच्या माहिती मंत्रालयासाठी केली. निवेदन मात्र क्वेंटिन रेनॉल्ड्स या अमेरिकन पत्रकाराचं, आणि तो स्वतःला तटस्थ म्हणवतो. ती मुख्यतः अमेरिकेसाठी होती. तिथल्या माणसाला ब्रिटिश सरकारपेक्षा आपल्या बातमीदाराचा शब्द पटणार, हे उघड होतं. लंडनचा धीर सुटतोय, असं हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स सांगत होता. फिल्म त्याचं नाव घेऊन ते खोडून काढते.

बाबा, त्यातली पडकी घरं खरी आहेत. गोम आहे ती क्रमात. रात्री तोफा आणि आगी, उजाडताच कामाला निघालेली माणसं. जणू रात्र सरली आणि नुकसानही सरलं! आवाज बंद ठेवलात की हा जोड स्पष्ट दिसतो.

सेंट पॉल या लंडनच्या मोठ्या चर्चचा घुमट नीट बघा. बाहेरून चर्च ताठ उभं, पण 10 ऑक्टोबरला आत पडलेल्या बॉम्बनं मुख्य वेदी उद्ध्वस्त केली होती. 29 डिसेंबरच्या आगीत धुरातून वर आलेल्या याच घुमटाचा फोटो लंडनच्या पेपरात छापून आला तो शहर टिकल्याची खूण म्हणून. जानेवारीत बर्लिनच्या एका साप्ताहिकानं तोच फोटो छापला, लंडन जळतंय म्हणून.

पडताळायचं असेल तर लंडन काउंटी कौन्सिलचे, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या स्थानिक प्रशासनाचे, नुकसानीचे नकाशे उघडा. एका सेंटिमीटरला 25 मीटर, आणि इमारत न् इमारत हातानं रंगवलेली. काळा म्हणजे पूर्ण जमीनदोस्त, जांभळा म्हणजे दुरुस्तीपलीकडे, गडद लाल म्हणजे दुरुस्ती होईलच असं नाही, पिवळा म्हणजे स्फोटाच्या धक्क्यानं झालेलं किरकोळ नुकसान. फिल्म ओळखीच्या इमारतीवर थांबवा आणि तिच्या आसपासची घरं नकाशावर शोधा. एक चूक हमखास होते: हे रंग 1945 पर्यंतच्या एकूण नुकसानीचे आहेत, त्यामुळे काळं दिसणारं घर फिल्मच्या वेळी शाबूत असू शकतं. गोल वर्तुळं तर 1944 पासून पडलेल्या व्ही-1 उडत्या बॉम्बची आणि व्ही-2 रॉकेटांची.

आई, तू सेंट पॉलच्या लगतच्या पॅटरनॉस्टर रो पासून सुरुवात कर. पुस्तकवाल्यांची ती गल्ली 29 डिसेंबरच्या रात्री जळाली, म्हणजे फिल्म आल्यानंतर.

तुमचीच लेक