इंग्रजाची धून आणि आपली पोरं

नागपूर

प्रिय मिलिंद,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. "शाळेच्या बँडला इंग्रजाची धून कशाला शिकवतोस?" असं विचारलंस, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपण लहानपणी 'कर्नल बोगी' ही जी धून शिट्टीवर वाजवत हिंडायचो, ती केनेथ अल्फर्ड या इंग्रज लष्करी बँडमास्टरची. खरं नाव फ्रेडरिक जोसेफ रिकेट्स. जन्म १८८१, लंडनचा. आईबाप लवकर गेले आणि पोरगं चौदाव्या वर्षी रॉयल आयरिश रेजिमेंटच्या बँडमध्ये भरती झालं. पलटणीबरोबर हिंदुस्थानातही राहून गेलं. पुढे नेलर हॉलच्या लष्करी संगीतशाळेत शिकून १९०८ मध्ये हायलँडर्स पलटणीचा बँडमास्टर झाला. नोकरीत असताना बाहेर संगीत छापणं वरिष्ठांना रुचायचं नाही, म्हणून थोरल्या मुलाचं नाव आणि आईचं माहेरचं आडनाव जोडून टोपणनाव घेतलं.

'कर्नल बोगी' १९१४ ची. असं सांगतात की गोल्फ खेळताना एक अधिकारी समोरच्याला हाक मारण्याऐवजी दोन स्वरांची शिट्टी घालायचा. पेटी काढ आणि वाजवून बघ: प, मग खालचा ग. बस्स! तेवढ्यावर अख्खी धून उभी राहिली.

पण मला तो आवडतो तो मागच्या रांगेसाठी. त्याच्या मार्चमध्ये, म्हणजे पलटणीनं चालायच्या धुनांमध्ये, युफोनियम, ट्रॉम्बोन या जाड आवाजाच्या पितळी वाद्यांना नुसता ठेका धरून बसावं लागत नाही, त्यांना स्वतःची सुरावट असते. कामठी रोडकडून येणारं आमचं एक पोरगं युफोनियम वाजवतं. पहिल्यांदा स्वतःची ओळ ऐकू आली तेव्हा त्यानं वाजवणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. गणवेशातल्या पोरवयात स्वतः रांगेत उभा राहिलेला माणूसच असं लिहू शकतो, असं मला ठाम वाटतं.

आणि त्याचं १९१८ चं 'द व्हॅनिश्ड आर्मी' ऐकच. महायुद्धात पडलेल्या पहिल्या लाखभर सैनिकांसाठी लिहिलंय. पावलं तालात पडतात आणि गळा दाटून येतो. विजयाचा डंका त्यात कुठंच नाही. त्या युद्धात आपलेही किती गेले रे! मग ही धून परकी कशी म्हणू?

पुढे १९२७ पासून तो रॉयल मरीन्सच्या बँडवर होता, १९४४ ला निवृत्त झाला आणि वर्षभरात गेला.

२६ जानेवारीच्या आधी सवड काढून ये. साइड ड्रमवाल्या पोरांचा रोल, म्हणजे काठ्यांचा सलग थरथरता आवाज, तुटतोय, आणि तो तुझ्याइतका नीट कोणी शिकवत नाही. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुधीर