मिटिंगचा पत्ता छापता, तसे दारही सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनंदिन कार्यक्रमांच्या सदरात दारू सोडू पाहणाऱ्यांच्या मिटिंगची एक ओळ असते : इमारतीचे नाव, वार, वेळ. ही ओळ छापता हे चांगलेच आहे. पण ती वाचून कुणी घराबाहेर पडलाच, तर पुष्कळदा इमारतीपाशी पोचूनही तो मिटिंगपर्यंत पोचत नाही.

या मिटिंग बहुधा उसन्या जागेत भरतात. कुठे शाळेचा वर्ग, कुठे प्रार्थनास्थळाची मागची खोली, कुठे रुग्णालयातला एखादा कोपरा. पाटी नसते, असलीच तर वहीच्या पानाएवढी. मुख्य फाटक संध्याकाळी बंद होते आणि दार भलतीकडेच असते. 'दारू सोडायची मिटिंग कुठे आहे हो?' हे नवखा माणूस अनोळखी माणसाला विचारणार नाही, तो सरळ पुढे चालू लागेल. तेव्हा कोणते फाटक, कितवा मजला, एवढे तरी छापावे. परीक्षा, सुट्ट्या, रंगकाम अशा कारणांनी मिटिंग हलते, यादी मात्र तीच राहते. म्हणून यादीखाली ती शेवटची कधी पडताळली ती तारीख असावी.

वाचकांनी निघण्यापूर्वी त्याच दिवशी गटाच्या क्रमांकावर फोन करावा. आज मिटिंग नक्की आहे ना, नवखा आला तर चालेल ना आणि दारापाशी कुणी भेटेल का, एवढेच विचारावे. नवख्याला घ्यायला बाहेर येणारा कुणी ना कुणी बहुतेक गटांत निघतो. फोनवरचे लोक स्वयंसेवक असतात, कामधंदा सांभाळून बोलतात. दुपारी फोन उचलला गेला नाही, तर रात्री पुन्हा लावावा. आणि निवडीला वाव असेल तर रोज ज्या वेळी ग्लास भरला जातो, नेमकी त्या वेळची मिटिंग धरावी.

'खुली' आणि 'बंद' हे शब्दही छापायला हवेत. त्यांच्याअभावी फार घोटाळा होतो. 'बंद' ऐकून नवख्याला वाटते की आत फक्त जुने सदस्य असतात. प्रत्यक्षात ज्याला स्वतःचे पिणे थांबवायचे आहे, असा कुणीही पहिल्या दिवशीच तिथे बसू शकतो. सोबत आलेल्या बायकोला किंवा भावाला मात्र तिथे प्रवेश नसतो. त्यांना खुली मिटिंग. घरच्यांसाठी 1951 पासून अल-अनॉन हे वेगळे गट आहेत. पिणारा कुठेच यायला तयार नसला, तरी त्यांनी तिथे जावे.

1935 साली अमेरिकेतल्या ॲक्रनमध्ये सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एएच्या मिटिंगला फी नसते, हजेरीपटही नसतो. तास-दीड तासात संपते. शेवटी ऐच्छिक वर्गणीसाठी डबा फिरतो, नवख्याने तो नुसता पुढे सरकवला तरी चालतो. बोलायची पाळी आली, तर 'आज फक्त ऐकतो' म्हणावे. प्रवेश फी मागणारी मिटिंग एएची नव्हे, हे पक्के. एएच्या मिटिंगमध्ये होणारा ईश्वराचा उल्लेख ज्यांना खटकतो, त्यांना 1994 पासून चालणारे स्मार्ट रिकव्हरीचे गट जवळचे वाटू शकतात. तिथे विचार-वर्तन पद्धतीवर भर असतो आणि ऑनलाइन मिटिंगही असतात. एका बैठकीवरून मत मात्र बनवू नये. एकाच भागातले दोन गट स्वभावाने अगदी निराळे निघतात. पाच-सहा ठिकाणी बसून पाहावे. नव्वद दिवसांत नव्वद मिटिंग हा जुन्या जाणत्यांचा सल्ला ऐकायला अघोरी वाटतो, पण त्याने निदान संध्याकाळ भरते.

एक गोष्ट मिटिंगच्याही आधीची. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी बंद करून थेट मिटिंगला येऊ नये. शेवटच्या पेयानंतर साधारण 6 ते 24 तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. फिट्स बहुधा पहिल्या दोन दिवसांत येतात; भ्रम, भास आणि तीव्र अस्वस्थता साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. यात जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर, मग खुर्ची. मिटिंगमध्ये कुणी 'गोळ्या फेकून दे' म्हणाला, तर ते त्याचे खासगी मत समजावे. औषधोपचाराला एएचा विरोध नाही.

कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेच्या 2020 च्या आढाव्यात 27 अभ्यास आणि 10,565 माणसे होती. रुग्णाला पद्धतशीरपणे एएशी जोडून देणाऱ्या उपचारांनंतर वर्षभराने 42 टक्के लोक पूर्ण व्यसनमुक्त होते, इतर उपचारांत 35 टक्के. जोडून देणे हा त्यातला मुद्दा आहे आणि वृत्तपत्राला तो थोडाफार जमण्यासारखा आहे.

जाता जाता, 'पिणाऱ्याला न कळत दारू सोडवा' अशा जाहिराती वृत्तपत्रांत अजून दिसतात. डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचे औषध माणसाला न सांगता दिले आणि वर तो प्यायला, तर रक्तदाब कोसळून, हृदयावर ताण येऊन तो दगावू शकतो. पुड्यांमध्ये काय आहे, हे तर जाहिरातीत लिहिलेलेही नसते. तसली एक चौकट काढली, तरी फाटक, मजला, खुली की बंद आणि पडताळणीची तारीख एवढे सगळे तिथे मावेल.

आपला,
नाव न छापण्याची विनंती करणारा एक वाचक