आवरणाचा प्रत्येक तुकडा तपासणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सादर नमस्कार.

गेल्या आषाढात सांगली जिल्ह्यातील एक शाळामास्तर थोरल्या बहिणीचा रिपोर्ट हातात घेऊन आपल्या प्रयोगशाळेच्या दाराशी उभा राहिला होता आणि ‘यातला एकच शब्द कळतो आहे, बाकी काहीच कळत नाही,’ असे म्हणाला होता, हे आपल्याला कदाचित आठवणार नाही. तो एक शब्द ‘कार्सिनोमा’, म्हणजे कर्करोग, हा होता. आपण हातातले काम बाजूला ठेवून मला आत बोलावले, दोघांना एकाच वेळी पाहता येईल अशा सूक्ष्मदर्शकापाशी बसवले आणि पाऊण तास दिला. शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनचे नाव आमच्या घरातल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. आपले नाव मात्र कागदाच्या तळाशी असलेल्या सहीपुरतेच आमच्यापर्यंत आले होते, म्हणून हे आभार मी सर्वांसमोर मानत आहे. नाव लिहीत नाही, कारण ते आपल्याला आवडणार नाही असे वाटते.

अक्काच्या गळ्याच्या उजव्या बाजूला चार वर्षे एक गाठ होती. आवंढा गिळला की ती वरखाली होई. दुखत नव्हती, म्हणून ती साधीच असणार, असे आम्ही सर्वांनी ठरवून टाकले होते. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, त्यामुळे वेदना नसणे हा निर्धास्त होण्याचा आधार नव्हे, हे आपण सांगितले तेव्हा मला त्या चार वर्षांची लाज वाटली. पुढे सोनोग्राफी झाली, सुईची तपासणी झाली आणि तिच्या रिपोर्टवर ‘फॉलिक्युलर निओप्लाझम, बेथेस्डा वर्ग ४’ असे लिहून आले. थायरॉईडच्या, म्हणजे गळ्यातल्या ग्रंथीच्या, सुईच्या तपासणीचे निष्कर्ष बेथेस्डा पद्धतीत सहा वर्गांत मांडतात आणि हा चौथा वर्ग म्हणजे ‘गाठ काढून पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही’ असे म्हणण्यासारखे आहे, हे कळल्यावर प्रयोगशाळा जबाबदारी टाळते आहे असाच माझा समज झाला होता.

तो समज आपण शेतातल्या उदाहरणाने दूर केला. सुईतून येतात त्या सुट्या पेशी. शेतातली मूठभर माती आणली तर जमीन काळी की मुरमाड हे सांगता येईल, पण शेजाऱ्याने बांध कोरला आहे की नाही हे त्या मातीवरून कसे कळावे? थायरॉईडमधील फॉलिक्युलर जातीच्या साध्या गाठीतल्या पेशी आणि त्याच जातीच्या कर्करोगातल्या पेशी पुष्कळदा अगदी सारख्या दिसतात, आणि त्यांच्यातला निर्णायक फरक गाठीच्या भोवती असलेल्या तंतुमय आवरणापाशी, म्हणजे बांधावर ठरतो. सुई तो बांध उचलून आणू शकत नाही. हे ऐकल्यावर तो चौथा वर्ग मला अत्यंत प्रामाणिक वाटू लागला.

मग आपण अक्काची काच, म्हणजे तिच्या गाठीचा पातळ काप लावलेली काचपट्टी, लगेच दाखवली नाहीत, आणि ते फार योग्य केलेत. आधी शिकवण्यासाठी ठेवलेल्या काही काचा काढल्या. पहिली चरबीच्या गाठीची होती: पेशी अंगातल्या नेहमीच्या चरबीसारख्याच, भोवती पातळ आवरण. दुसरी गर्भाशयातल्या फायब्रॉईडची. आमच्या गावात निम्म्या घरांतून ऐकू येणाऱ्या या गाठीत गुळगुळीत स्नायूंचे पट्टे एकमेकांत वळलेले होते आणि पेशींची केंद्रके एका मापाची होती. सौम्य गाठीच्या पेशी ज्या ऊतीतून निघाल्या तिच्याशी इमान राखतात, अशी गाठ सहसा सावकाश वाढते, आजूबाजूच्या ऊतीला ढकलते पण तिच्यात शिरत नाही, आणि आपले ठिकाण सोडून दूर जात नाही.

त्यानंतर स्तनाच्या कर्करोगाची काच आली आणि काही न सांगताच मला फरक दिसला. केंद्रके मोठी, गडद निळी, एकासारखी दुसरी नाही. काही पेशी तर जवळजवळ केंद्रकानेच भरलेल्या. निरोगी पेशीत केंद्रक आणि पेशीद्रव यांचे प्रमाण साधारण एकास चार ते सहा असते आणि अशा पेशींत ते एकास एकपर्यंत येऊ शकते, असे आपण सांगितले. एका जागी पेशीविभाजन चालू होते, पण गुणसूत्रे दोनऐवजी तीन दिशांना ओढली जात होती. आणि या पेशींची टोळकी कसलीही सीमा न पाळता भोवतालच्या चरबीत घुसली होती. खेकड्याच्या नांग्यांसारख्या पसरण्यावरून ग्रीक वैद्यांनी या रोगाला खेकड्याचे नाव दिले असे म्हणतात आणि त्याच अर्थाचा ‘कर्क’ हा संस्कृत शब्द आपल्याकडे रुळला, हे मी वर्गात अनेकदा सांगितले होते. त्या नांग्या पाहिल्या मात्र त्या दिवशी. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी, अर्बुद आणि गलगंड हे एकाच अध्यायात येतात, हेही मला तेव्हा आठवले. गळ्याच्या गाठीपुढे माणूस किती जुन्या काळापासून हाच प्रश्न घेऊन बसला आहे!

नावांचा गोंधळही आपण सोडवलात. शेवटी ‘ओमा’ आले की पुष्कळदा सौम्य गाठ असते, लायपोमा किंवा ॲडिनोमा यांसारखी. पृष्ठभागाच्या किंवा ग्रंथींच्या अस्तरातून निघालेला कर्करोग तो कार्सिनोमा, आणि स्नायू, हाड, चरबी यांसारख्या ऊतींतून निघालेला तो सार्कोमा. पण मेलानोमा आणि लिम्फोमा ही नावे सौम्य वाटली तरी ते कर्करोगच आहेत, तेव्हा नावाच्या शेपटीवर विसंबू नये, असे आपण बजावले होते. ‘साधी’ या शब्दावरही आपण मला थांबवले. मेंदूच्या आवरणातून निघालेली सौम्य गाठ कवटीच्या बंद जागेत जीवघेणा दाब आणू शकते. उलट त्वचेचा बेसल सेल कार्सिनोमा जागच्या जागी पोखरत जातो, पण दूर क्वचितच पसरतो.

यानंतर अक्काची काच लावलीत. मी गोंधळलो, कारण मला तिथे काहीच भयंकर दिसले नाही. एका मापाच्या पेशींची लहान लहान वर्तुळे, त्यांच्यात थोडा गुलाबी द्रव, विभाजन जवळजवळ नाही. ‘मग कर्करोग आहे कुठे?’ असे मी विचारले. त्यावर आपण जे सांगितलेत, त्यासाठी हे सारे पत्र आहे.

काढलेली गाठ सुमारे तीन सेंटिमीटरची होती. फॉर्मेलिनमध्ये ठेवून तिचे ग्रॉसिंग झाले, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी तपासून तिचे तुकडे केले गेले, निवडक तुकडे पॅराफिन मेणाच्या ठोकळ्यांत, म्हणजे ब्लॉकमध्ये, बसवून मायक्रोटोम या काप काढण्याच्या यंत्रावर काही मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) जाडीचे काप निघाले, हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिनने ते रंगवले गेले, आणि पहिल्या दहा ब्लॉकमध्ये आवरण शाबूत दिसले. तिथेच ‘ॲडिनोमा’ असे लिहून काम संपवता आले असते. परंतु एका जागी पेशी आवरणात अर्ध्यापर्यंत शिरल्यासारख्या वाटत होत्या. अर्धवट शिरकाव पुरेसा पुरावा नसतो, आवरण पूर्ण पार केलेले दिसले पाहिजे, म्हणून आपण उरलेल्या गाठीचे सगळे आवरण ब्लॉकमध्ये घातले. अठराव्या ब्लॉकमध्ये ते सापडले: आवरणाला भोक पाडून बाहेर आलेला आणि बाहेर पडताच अळंबीच्या छत्रीसारखा पसरलेला पेशींचा एक लहानसा उमाळा. आतल्या आणि बाहेरच्या पेशींत मला रतिभर फरक दिसत नव्हता. फरक एवढाच होता की काहींनी बांध ओलांडला होता.

रिपोर्टची वाट पाहण्याच्या त्या नऊ दिवसांत आमच्या घरातून आपल्या कार्यालयात चार फोन झाले. त्यांतले दोन मी केले होते आणि माझा आवाज चढला होता. त्याबद्दल मी आपली मनापासून क्षमा मागतो. आम्ही उशिराला हलगर्जीपणा समजत होतो, आणि नेमके तेच दिवस आपण माझ्या बहिणीच्या गाठीची सीमा इंच इंच तपासण्यात घालवत होतात.

आपण शोध तिथेही थांबवला नाहीत. थायरॉईडचा पॅपिलरी या दुसऱ्या जातीचा कर्करोग बहुधा लसिकावाहिन्यांतून मानेतल्या लसिकाग्रंथींकडे जातो, तर फॉलिक्युलर कर्करोग मुख्यतः रक्तातून फुप्फुसे आणि हाडे गाठतो. म्हणून आवरणातील आणि त्याच्या लगतच्या रक्तवाहिन्यांत पेशी शिरल्या आहेत का, हे पाहण्यासाठी आपण वाहिन्यांचे अस्तर वेगळे उठून दिसेल अशी खास चाचणी करून घेतलीत. एकाही वाहिनीत शिरकाव नव्हता. त्या एका ओळीवर पुढचे सगळे उपचार ठरले: थायरॉईडचा उरलेला अर्धा भाग ठेवता आला, किरणोत्सारी आयोडीनची गरज लागली नाही, आणि ठरावीक काळाने सोनोग्राफी व रक्ततपासणी एवढेच उरले. ‘कार्सिनोमा’ या शब्दाने आमची झोप उडाली होती, पण त्याच्या आधी लिहिलेल्या ‘अल्पप्रवेशी, रक्तवाहिन्यांत शिरकाव नाही’ या अर्थाच्या शब्दांकडे आमचे लक्षच गेले नव्हते. ते शब्द वाचायला आपण शिकवलेत.

आणखी एका गोष्टीसाठी आपले ऋण आहे. ‘सुरी लागली म्हणून गाठ बिघडली, हात लावायलाच नको होता,’ असे आमच्या भावकीत बोलले जाऊ लागले होते आणि अक्का ते निमूटपणे ऐकत होती. तो शिरकाव जुना होता, गाठ शरीरात असतानाच झालेला होता, आणि सुरीने तो घडवला नाही तर उघडकीला आणला, हे आपण मला इतके नीट समजावले की घरी येऊन मी ते आमच्या सोप्यात सर्वांना कागदावर चित्र काढून सांगू शकलो. त्या रात्री अक्का बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

मुंबईत परळला १९४१ साली टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले तेव्हा त्याच्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी वाहिली, हे मी नंतर वाचले. ते सर्जन नव्हते, आपल्यासारखेच पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे ऊती आणि पेशी तपासून रोग ओळखणारे डॉक्टर होते. आपल्या दाराशी उभा राहिलो त्या दिवसापर्यंत ‘पॅथॉलॉजी’ हा शब्द माझ्या लेखी रक्त आणि लघवी तपासणाऱ्या दुकानापुरता होता.

अक्काची दुसरी तपासणी या महिन्यात झाली आणि सोनोग्राफीत काही आढळले नाही. पुढच्या खेपेला ती स्वतः आपल्याकडे येणार आहे. तिने आयुष्यभर शेत राखले आहे आणि आपल्या गळ्यातला बांध कुठे फुटला होता, ती अठराव्या ब्लॉकची काच तिला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची आहे. आपल्याला सवड असेल तर तिला पाच मिनिटे द्यावीत, अशी विनंती तिनेच या पत्रात लिहायला सांगितली आहे.

आपला कृतज्ञ,
एका रुग्णाचा धाकटा भाऊ