घात दारू करत नाही, पुंगळी करते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेत जुन्या लष्करी रायफली बाळगणाऱ्या हौशी नेमबाजांवरचा रविवार पुरवणीतला लेख वाचला. ‘दारू थोडी कमी भरली की घरी भरलेले काडतूस सुरक्षित’ हे त्यातले विधान निदान .303 ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीपुरते तरी अर्धवट आहे. घरी भरताना काडतुसाचे पितळी कवच, म्हणजे पुंगळी, पुन्हापुन्हा वापरतात; दारू कमी केल्याने पुंगळीवरचा ताण कमी होतो, थांबत नाही.

चिखलमातीतही काडतूस अडकू नये म्हणून या रायफलीचे चेंबर (नळीतली काडतूस बसण्याची पोकळी) ऐसपैस ठेवलेले असते. त्यात चेंबर मागून बंद करणारा सरकता दांडा, म्हणजे बोल्ट, अडवणारे खटके त्याच्या मागच्या टोकाला, त्यामुळे बार उडताना बोल्ट किंचित दबतो. पुंगळीचा पुढचा भाग चेंबरला घट्ट चिकटतो, बुंधा मागे सरकतो आणि बुंध्याच्या जरा वर पितळ ताणून पातळ होते. मग ती पुंगळी फुल-लेंग्थ डायमध्ये (पूर्ण लांबीच्या साच्यात) दाबून मूळ मापाला आणली, की पुढच्या बाराला पुन्हा त्याच जागी ताण. अशा काही फेऱ्यांतच बुंधा तुटतो, उरलेली नळी चेंबरमध्ये अडकून बसते आणि तापलेला वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येऊ शकतो. संरक्षक चष्मा हवाच, तो यासाठी.

नव्या पुंगळीच्या पहिल्या बाराला बुंध्याच्या बाहेर आलेल्या कडेच्या पुढे पातळ रबरी ओ-रिंग (वळे) चढवावी, म्हणजे बुंधा बोल्टला टेकून राहतो. त्यानंतर फक्त मान (गोळी बसते तो पुढचा अरुंद भाग) आवळावी आणि ती पुंगळी त्याच रायफलीसाठी राखावी. दर भरणीआधी सरळ केलेल्या पेपरक्लिपचे टोक काटकोनात वाकवून, घासून अणकुचीदार करावे आणि आतल्या भिंतीवरून बुंध्याकडून वर ओढावे. साधारण सेंटिमीटरभर उंचीवर ते खाचेत अडकले, तर पुंगळी पक्कडीने चेपून भंगारात. बाहेरून चकचकीत वळे दिसेपर्यंत वाट पाहणारे फार उशीर करतात.

बोल्ट आणि चेंबर यांमधले अंतर मोजण्यासाठी चेंबरमध्ये ठेवायच्या .074 इंचाच्या गेजवर बोल्ट बंद होत असेल तर रायफल कारागिराला दाखवल्याशिवाय वापरू नये. ली-एनफिल्डच्या नंबर 4 या प्रकारात बोल्ट-हेड (बोल्टचे पुढचे सुटे टोक) 0 ते 3 अशा मापांत येते. मोठे बसवले की हे अंतर कमी होते, पण चेंबर काही आखूड होत नाही.

भारतात इशापूरच्या कारखान्यात बनलेल्या, याच घडणीच्या 7.62 मिमी रायफलींबाबत एवढेच: लष्करी पुंगळीची भिंत बहुधा जाड, आतली जागा कमी. बाजारातल्या .308 (7.62 मिमीचा नागरी जोडीदार) पुंगळीचे दारूचे माप जसेच्या तसे तिच्यात घातले तर दाब वाढतो.

आणि भारतात .303 प्रतिबंधित बोअरमध्ये (सामान्य परवान्यावर न मिळणाऱ्या नळीच्या मापांत) मोडते; परवान्याशिवाय काडतूस बनवणे शस्त्र अधिनियम, 1959 नुसार गुन्हा आहे. मराठी वृत्तपत्रातल्या लेखात निदान हे एक वाक्य तरी यायला हवे होते.

– एक वाचक, ओहायो (अमेरिका)