तेरची वीट का तरंगते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावच्या जुन्या मंदिरांत सापडणाऱ्या, पाण्यावर तरंगणाऱ्या विटेचा विषय निघाला की 'चमत्कार', 'लुप्त झालेले रहस्य' हे शब्द हटकून येतात. तेरणाकाठी पिढ्यान्‌पिढ्या माती मळणाऱ्या हातांवर हा अन्याय आहे. ही वीट कशी होते ते मातीतल्या माणसाला आजही सांगता येते. ते एकदा नीट छापून यावे, म्हणून हे पत्र.

आजची नऊ बाय चार बाय तीन इंची वीट पावणेदोन लिटर जागा व्यापते आणि साधारण तीन किलो भरते. ती तरंगायची तर वजन पावणेदोन किलोच्या आत हवे. भाजलेली माती मुळात पाण्याच्या अडीचपटीहून थोडी जड, म्हणजे विटेचा साठ टक्क्यांहून जास्त भाग पोकळ हवा. ही पोकळी तूस आणि भुसा करतो. चिखलात मळलेले तूस भट्टीत जळते आणि त्याच्याच आकाराचे छिद्र मागे ठेवते. सातवाहनकाळातल्या विटांचे तुकडे भिंगाखाली धरले तर तुसाचे ठसे स्पष्ट दिसतात. वीट तरंगते ती या छिद्रांतल्या हवेवर. फार वेळ पाण्यात राहिली तर तीही पाणी पिऊन जड होते.

एवढी हलकी वीट भार पेलायला कमजोरच. पण वरच्या बांधकामासाठी तिच्यासारखी दुसरी नाही.  शिखराचे ओझे जितके कमी तितके बरे. तेलंगणातल्या रामप्पा मंदिराच्या शिखरातही अशाच हलक्या विटा आहेत. शिवाय सच्छिद्र वीट तासायला, कोरायला सोपी जाते. तेर म्हणजे 'पेरिप्लस' या प्राचीन ग्रीक प्रवासग्रंथातले तगर. तिथल्या त्रिविक्रम मंदिराची गजपृष्ठाकार वास्तू आणि उत्तरेश्वराचे मंदिर ही दोन्ही विटांचीच.

पण नुसते तूस ओतून हे साधत नाही. खरी मेख मातीत आहे. निव्वळ काळ्या मातीची वीट वाळतानाच तडकते, निव्वळ रेताड गाळाची वीट साच्यातून काढतानाच कोपरे टाकते. म्हणून नदीकाठचा पोयटा मुख्य धरायचा आणि त्यात चिकटपणापुरती काळी मिसळायची. तीन-चार घमेल्यांना एक, पण प्रमाण जागेगणिक बदलते. मुठीएवढा गोळा करून दोन-तीन दिवस सावलीत ठेवावा. भेगाळला तर काळी जास्त झाली, बोटाने भुगा झाला तर कमी पडली. तूस कोरडे टाकले तर त्याचे पुंजके होतात आणि भाजल्यावर तिथे भगदाड पडते. ते आधी भिजवावे, चिखलात घालून रात्रभर मुरू द्यावे, मग तुडवावे. वाळून-भाजून वीट आटते, म्हणून साचा दहा टक्के मोठा लागतो. थापलेली वीट एक-दोन दिवस आडवी, मग कडेवर उभी, मग हवा खेळेल अशा जाळीदार थरांत दहा-बारा दिवस. या काळात अवकाळी पाऊस आला तर महिन्याची मेहनत पुन्हा चिखल होते.

भट्टीत पहिले दोन दिवस घाई अजिबात नको. पांढरा, ओला धूर निघतो तोवर विटेतले पाणी जात असते. तेव्हा आच वाढवली की वीट फुटते. तूस भरपूर असेल तर पुढे वीट आतूनही पेटते. इंधन वाचते, पण हवेची वाट बंद असेल तर गाभा काळा राहतो आणि आच हाताबाहेर गेली तर वीट वितळून झामा होते. कडेच्या विटांना आच पुरत नाही, त्या पिवळ्या, कच्च्या राहतात. हलकी वीट सगळीकडून सारखी भाजणे हे कसब आहे, आणि त्या जुन्या कारागिरांचे मोठेपण त्यातच आहे.

तेर हे गोरोबाकाकांचे गाव. संतांच्या डोक्यावर थापटणे मारून कोणाचे मडके कच्चे ते त्यांनी सांगितले, ही कथा प्रत्येक वारकऱ्याला ठाऊक आहे. ती परीक्षा कुंभाराच्या रोजच्या कामातली आहे. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की पक्की खणखणते, कच्ची बद्द वाजते. सोबत वजनाची परीक्षाही करावी: तीन किलोची कोरडी वीट चोवीस तास पाण्यात ठेवून सहाशे ग्रॅमहून जास्त वाढली तर भार पेलणाऱ्या भिंतीला घेऊ नये. तरंगणारी वीट अर्थातच या परीक्षेत नापास होईल. तिचे काम वेगळे.

दोन मागण्या आहेत. तेरच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात पोयटा, काळी, तूस, साचा आणि अर्धवट भाजलेली, नीट भाजलेली, झामा झालेली वीट ओळीने मांडून दाखवणारा एक कोपरा असावा आणि तो कुंभारांकडूनच मांडून घ्यावा. दुसरी मागणी त्याहून तातडीची. नदीकाठच्या गावांतल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकड्यांची माती विटांसाठी आणि शेतासाठी उचलली जाते, ती थांबवावी. तिच्याबरोबर जुनी वस्तीच खणून जाते. शिवाय ती माती विटेलाही वाईट. शतकानुशतकांची राख, हाडे आणि क्षार तिच्यात असतात, त्यामुळे भिंतीला लोणा लागतो. चुन्याचा ज्वारीएवढा खडा राहिला तरी तो भट्टीत कळीचा चुना होतो आणि पहिल्या पावसात फुगून विटेची कपची उडवतो. पोयटा गावतळ्यातला गाळ काढूनही मिळतो. तळेही खोल होते.

आपले,
वीटकामाचे काही अभ्यासक, धाराशिव जिल्हा